तुकोबांचा निम्मा वाटा

पुणे शहराच्या वायव्येस, इंद्रायणी नदीच्या काठी, देहू नावाचे गाव आहे. दर वर्षी ज्येष्ठ महिन्यात याच गावाहून संत तुकाराममहाराजांची पालखी पंढरपूरला निघते. टाळमृदंगांच्या नादात आणि विठ्ठलनामाच्या गजरात तो सारा परिसर दुमदुमून जातो. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या आणि त्या तरल्या, ही कथा महाराष्ट्रातील लहानथोरांना ठाऊक आहे. परंतु त्याच्या कितीतरी वर्षे आधी कागदांचे आणखी एक गाठोडे याच नदीत गेले होते. ते पुन्हा वर आले नाही आणि ते वर यावे, अशी ते सोडणाऱ्याची इच्छाही नव्हती. त्या गाठोड्यात काय होते आणि ते नदीत का गेले, हे समजले म्हणजे तुकोबांच्या थोरवीची एक निराळी बाजू आपल्या ध्यानात येते.

तुकोबांचा जन्म इ. स. १६०८ मध्ये झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. देहूच्या मोरे घराण्यात विठ्ठलभक्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. त्यांचे पूर्वज विश्वंभरबुवा पंढरीची वारी नेमाने करीत. पुढे त्यांनी देहूतच विठ्ठलाची स्थापना केली, असे परंपरा सांगते. घराणे कुणब्यांचे होते. घरी शेतीवाडी व गुरेढोरे होती. शेतीच्या जोडीला वाण्याचा व्यापार आणि सावकारीही होती. शिवाय देहूच्या पेठेची महाजनकी या घराण्याकडे वतनाने चालत आलेली होती. महाजन म्हणजे बाजारपेठेतील प्रमुख गृहस्थ. पेठेच्या व्यवहारावर त्याने देखरेख ठेवावी आणि त्याबद्दल त्याला काही ठराविक उत्पन्न मिळावे, अशी तेव्हाची वहिवाट होती. तेव्हा तुकोबा जन्मले ते दारिद्र्यात नव्हे. गावात मान आणि घरात धान्य असलेल्या एका सुखवस्तू कुटुंबात ते जन्मले.

वडील बोल्होबा आणि आई कनकाई यांना तीन मुलगे होते. थोरले सावजी, मधले तुकोबा आणि धाकटे कान्होबा. सावजींचे मन संसारात रमत नव्हते. त्यामुळे वडिलांनी घरचा व्यवहार तुकोबांच्या हाती सोपविला, तेव्हा ते अवघे तेरा वर्षांचे होते असे सांगतात. आज ज्या वयात मुले शाळेत त्रैराशिक शिकतात, त्या वयात तुकोबा दुकानाच्या ओट्यावर बसून तराजू धरू लागले आणि वसुलीच्या वह्या पाहू लागले. गिऱ्हाईक ओळखणे, मालाचा भाव ठरविणे, कोणाकडे किती येणे आहे याचा हिशेब ठेवणे, ही सारी कामे ते मन लावून करीत. त्यांचा पहिला विवाह रखमाबाईंशी झाला. रखमाबाईंना दम्याची व्यथा असल्यामुळे पुढे पुण्याचे सावकार अप्पाजी गुळवे यांच्या कन्येशी त्यांचा दुसरा विवाह झाला. या जिजाबाई. त्यांना लोक आवलीही म्हणत.

सावकारीचा व्यवहार तेव्हा कसा चाले, हे येथे थोडे जाणून घेतले पाहिजे. शेतकऱ्याला बी हवे असे, बैल घ्यायचा असे, किंवा घरी लग्नकार्य निघे. हाताशी पैसा नसला म्हणजे तो सावकाराच्या दारी जाई. सावकार रक्कम देई आणि त्याबद्दल कागद लिहून घेई. कोणी, कोणाकडून, किती रक्कम, किती व्याजाने आणि किती मुदतीने घेतली, हे त्या कागदावर लिहिलेले असे. खाली साक्षीदारांची नावे असत. अशा कागदाला रोखा किंवा खत म्हणत. दिसायला तो एक साधा कागद. पण त्यात मोठे बळ असे. रोखा ज्याच्या घरी, त्याचा हक्क. कर्ज घेणारा मरण पावला तरी त्याचे कर्ज मरत नसे, ते मुलाच्या माथी येई. सावकार मरण पावला तरी त्याचा हक्क मरत नसे, तो रोख्याबरोबर त्याच्या वारसांकडे जाई. थकलेले व्याज मुदलाहून अधिक होऊ नये, असा दामदुपटीचा जुना नियम होता खरा; परंतु दुष्काळाने नागवलेल्या कुणब्याला मुद्दलच जड होई, तेथे दुप्पट कोठून फेडणार? मग दावणीचा बैल जाई, जमीन गहाण पडे आणि कित्येकदा गावही सोडावे लागे. असे पुष्कळसे रोखे बोल्होबांच्या काळापासून मोऱ्यांच्या घरी होते.

सुखाचे दिवस फार काळ टिकले नाहीत. तुकोबा सतरा-अठरा वर्षांचे होतात न होतात तोच आईवडिलांचे छत्र हरपले. पाठोपाठ सावजींची पत्नी वारली आणि सावजी घर सोडून तीर्थयात्रेला निघून गेले, ते परत आलेच नाहीत. सारा भार तुकोबांवर येऊन पडला. आणि अशातच आला तो भयंकर दुष्काळ.

इ. स. १६३० हे वर्ष महाराष्ट्राच्या इतिहासात शिवाजीमहाराजांच्या जन्माचे वर्ष म्हणून अजरामर झाले आहे. परंतु त्या वर्षी जगणाऱ्या सामान्य माणसाला ते काळवर्ष वाटले असेल. पावसाने पाठ फिरविली. दख्खन आणि गुजरात या दोन्ही प्रदेशांत शेते करपून गेली. पुढच्या वर्षी पाऊस आला तो अतिवृष्टी होऊन. इ. स. १६३२ पर्यंत लोकांच्या हालांना पारावार राहिला नाही. त्यातच निजामशाही, आदिलशाही आणि मोगल यांच्या लढायांनी मुलूख उजाड होत होता. खुद्द पुणे या सुमारास आदिलशाही फौजेने जाळून उद्ध्वस्त केले. धान्य मिळेना, चारा मिळेना. गुरे दावणीलाच मरून पडली. माणसे पोटासाठी गाव सोडून वाट फुटेल तिकडे निघाली.

तुकोबांचे घरही या आपत्तीतून सुटले नाही. गुरे गेली, धान्याची कोठारे रिती झाली. उधारीवर माल दिलेला, तो बुडाला. घेणाऱ्यांनाच खायला नव्हते, तर ते पैसे कोठून आणणार? व्यापार बसला आणि तुकोबांचे दिवाळे निघाले. पेठेच्या महाजनाचे दिवाळे निघणे म्हणजे केवढी मानहानी! परंतु त्याहून मोठा घाव पुढे होता. अन्नावाचून रखमाबाईंनी प्राण सोडला. त्यांचा लहानगा मुलगा संतूही गेला. आपली पत्नी अन्न अन्न करीत गेली आणि आपल्याला लोकांत तोंड दाखविण्याची लाज वाटू लागली, हे पुढे तुकोबांनी आपल्या एका अभंगात कोणताही आडपडदा न ठेवता सांगितले आहे.

एवढ्या दुःखाने कोणाचेही मन कडवट झाले असते. आपले सर्वस्व गेले, आता दुसऱ्यांकडे असलेली पै अन्‌ पै वसूल करून पुन्हा उभे राहावे, असे कोणा व्यवहारी माणसाच्या मनात आले असते, तर त्यात गैर असे काही नव्हते. तुकोबांच्या मनात मात्र निराळाच प्रकाश पडला. ते देहूजवळच्या भामनाथाच्या डोंगरावर एकांतात जाऊन बसले. तेथे त्यांनी पंधरा दिवस विठ्ठलाचे ध्यान केले, असे सांगतात. भूक कशी असते हे त्यांनी आपल्या घरातच पाहिले होते. आपण ज्यांना कर्ज दिले, त्यांच्या घरीही अशीच भूक बसलेली आहे, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

इकडे घरी सर्वजण घाबरून गेले होते. धाकटे कान्होबा भावाला शोधीत रानोमाळ हिंडले आणि अखेर भामनाथाच्या डोंगरावर त्यांना तुकोबा सापडले. दोघे भाऊ डोंगर उतरून इंद्रायणीच्या काठी आले. तेथे तुकोबांनी घरातील सर्व कर्जरोखे आणविले. हे सारे कागद नदीत सोडून द्यावेत, असा त्यांचा विचार होता.

कान्होबांनी त्यांना थांबविले. आजवर त्यांनी थोरल्या भावाचा शब्द कधी मोडला नव्हता. परंतु आज बोलणे भाग होते. तुकोबांनी देवाला वाहून घेतले असेल, पण आपल्यामागे बायकामुले आहेत, त्यांच्या पोटाला काही हवे, दुष्काळाने घर धुऊन निघालेले असताना एवढाच काय तो आधार उरला आहे, अशा आशयाचे त्यांनी नम्रपणे सांगितले. ते ऐकून तुकोबा रागावले नाहीत. आपण धर्माचे काम करीत असता हा आड येतो, असेही त्यांना वाटले नाही. त्यांनी रोख्यांचे दोन सारखे भाग केले. निम्मे रोखे कान्होबांच्या हाती दिले. उरलेले निम्मे स्वतःच्या वाट्याचे म्हणून घेतले आणि ते इंद्रायणीच्या प्रवाहात सोडून दिले.

अठराव्या शतकात ताहाराबादच्या महिपतीबुवांनी संतांची चरित्रे ओवीबद्ध केली. त्यांनी व वारकरी परंपरेने ही हकीकत आपल्यापर्यंत पोहोचविली आहे. ती ऐकताना आपले लक्ष साहजिकच नदीत पडणाऱ्या कागदांकडे जाते. परंतु त्याच्या आधी घडलेल्या गोष्टीकडे, म्हणजे त्या वाटणीकडेही, तितक्याच आदराने पाहिले पाहिजे. वडिलार्जित मालमत्तेवर दोन्ही भावांचा सारखाच हक्क होता. तुकोबांना आपला हक्क सोडण्याचा अधिकार होता. कान्होबांचा हक्क सोडण्याचा अधिकार त्यांना नव्हता. स्वतःच्या ताटातील घास उचलून दुसऱ्याला देणे याला औदार्य म्हणतात. शेजारी बसलेल्या भावाच्या ताटातील घास उचलून दिला, तर घेणाऱ्याचे पोट भरेल; पण भावावर अन्याय होईल. तुकोबांनी आधी न्याय केला आणि मग त्याग केला. म्हणूनच त्यांचा त्याग निर्मळ ठरला.

दुसरीही एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कर्ज माफ केले, एवढे तोंडाने सांगून तुकोबांना घरी जाता आले असते. सारा गाव त्यांना धन्य धन्य म्हणाला असता. परंतु रोखे घरात राहिले असते, तर काय झाले असते? उद्या मुले मोठी झाली असती, घरात पुन्हा अडचण आली असती आणि कोणीतरी ते कागद पेटीतून बाहेर काढून कुणब्याच्या दारात उभे राहिले असते. कदाचित खुद्द तुकोबांचेच मन एखाद्या दुबळ्या क्षणी फिरले असते. कागद आहे तोवर हक्क जिवंत आहे आणि हक्क जिवंत आहे तोवर कर्जदाराच्या मनातील धास्ती जिवंत आहे. कागद गेला की मागणाऱ्याकडे पुरावा उरत नाही, आणि देणाऱ्याला रात्री स्वस्थ झोप येते. नदीत पडलेल्या कागदांनी तुकोबांची स्वतःचीच माघार घेण्याची वाट कायमची बंद करून टाकली.

दुसऱ्याला पैसे देणे आणि आपला हक्क सोडून देणे, यांत हा फरक आहे. दान देणाऱ्याचा हात वर असतो आणि घेणाऱ्याचा खाली असतो. घेणाऱ्याला देणाऱ्यापुढे वाकावे लागते, त्याचे उपकार स्मरावे लागतात. हक्क सोडणारा मात्र समोरच्याला काहीही देताना दिसत नाही. तो त्याच्या मानेवरचे जू तेवढे काढून घेतो. ज्यांची कर्जे त्या दिवशी बुडाली, त्यांना तुकोबांच्या दारात हात जोडून उभे राहावे लागले नाही.

हा त्याग तुकोबांना सोपा गेला असेल, असे मात्र कोणी समजू नये. त्याची किंमत घरातील सर्वांनाच मोजावी लागली, आणि त्यातही सर्वांत अधिक जिजाबाईंना. त्या पुण्याच्या सधन सावकाराच्या लेक. देहूला आल्या तेव्हा सासरही भरलेले होते. पाहता पाहता ते रिते झाले. महादेव आणि विठोबा हे मुलगे, काशी, भागीरथी आणि गंगा या मुली, आणि सर्वांत धाकटा नारायण, एवढ्यांना वाढविण्याचा भार त्यांच्यावर पडला. त्या तुकोबांवर रागावत, विठ्ठलालाही बोल लावीत, असे कथांतून सांगतात आणि पुष्कळ लोक ते ऐकून हसतात. हसणाऱ्यांनी रिकाम्या मडक्याशेजारी बसलेल्या आईच्या जागी स्वतःला क्षणभर ठेवून पाहावे. घरात उपास घडत असतानाही याच जिजाबाई भंडाऱ्याच्या डोंगरावर बसलेल्या पतीसाठी भाकरी घेऊन रोज ऊन तुडवीत जात. तुकोबांच्या कीर्तीत त्यांच्या कष्टांचा वाटा मोठा आहे.

रोखे नदीत सोडल्यावर तुकोबांचे पुढील आयुष्य जणू मोकळे झाले. पडझड झालेले घरचे विठ्ठलमंदिर त्यांनी स्वतः माती कालवून आणि भिंती लिंपून नीट केले. एकादशीला ते कीर्तन करू लागले. नामदेव, ज्ञानदेव, एकनाथ आणि कबीर यांची वचने त्यांनी पाठ केली. भंडाऱ्याच्या डोंगरावरील एकांतात त्यांना स्वतःचे अभंग स्फुरू लागले. गंगाराम मवाळ आणि चाकणचे संताजी जगनाडे यांच्यासारखे सोबती त्यांचे टाळकरी झाले आणि त्यांचे अभंग लिहून ठेवू लागले. बाजारपेठेत वाढलेल्या या कवीच्या वाणीत तराजू, माप, भांडवल, नफा आणि तोटा हे शब्द सहज येतात. दुकानाच्या ओट्यावर शिकलेली भाषा त्यांनी टाकून दिली नाही. तिला निराळ्या कामाला लावले. त्यांच्या नावावर सुमारे साडेचार हजार अभंग आज आपल्याला वाचावयास मिळतात.

पुढे वाघोलीचे रामेश्वरभट्ट यांना तुकोबांचे कवित्व मान्य होईना. धर्माचे ज्ञान प्राकृत भाषेत सांगण्याचा अधिकार तुकोबांना नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यामुळे तुकोबांना आपल्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. तुकोबा काठावर तेरा दिवस अन्नपाण्याविना बसून राहिले आणि वह्या कोरड्या वर आल्या, असे वारकरी श्रद्धेने सांगतात. अभंग लोकांना तोंडपाठ होते, म्हणून ते नदीत बुडणे शक्यच नव्हते, असे काही अभ्यासक म्हणतात. कोणत्याही रीतीने पाहिले तरी एक गोष्ट खरी. तुकोबांनी दोन वेळा कागद इंद्रायणीच्या स्वाधीन केले. पहिल्या वेळी स्वतःच्या इच्छेने, दुसऱ्या वेळी जुलमाने. लोकांना बांधणारे कागद बुडाले, लोकांना उभारी देणारे शब्द राहिले. विरोध करणारे रामेश्वरभट्टही पुढे तुकोबांचे शिष्य झाले.

तुकोबांची कीर्ती दूरवर पसरली. शिऊरच्या बहिणाबाई त्यांना गुरू मानून देहूला आल्या. शिवाजीमहाराजांनी तुकोबांकडे घोडा, छत्री, दिवट्या आणि द्रव्य असा नजराणा पाठविला, आणि तुकोबांनी तो सविनय परत केला, अशी परंपरेची कथा आहे. ज्याने स्वतःचे हक्काचे येणे सोडून दिले, त्याने नवीन संपत्ती घरात येऊ दिली नाही, यात नवल ते काय? फाल्गुन वद्य द्वितीया, शके १५७१, म्हणजे इ. स. १६५० या वर्षी तुकोबांनी इहलोकीची यात्रा संपविली. तो दिवस तुकारामबीज म्हणून आजही पाळला जातो. त्यांच्या मागे धाकट्या नारायणाने पंढरीच्या पालखीची प्रथा सुरू केली.

आणि कान्होबा? त्या दिवशी आपला निम्मा वाटा मागून घेणारे कान्होबा भावापासून दुरावले नाहीत. तुकोबा गेल्यावर त्यांनी भावाच्या वियोगाचे जे अभंग रचले, ते तुकोबांच्या गाथेतच छापलेले असतात. वाटणीवरून भाऊ भाऊ जन्माचे वैरी झाल्याची उदाहरणे आपण गावोगाव पाहतो. येथे वाटणी झाली, दोघांनी आपापल्या वाट्याचे दोन अगदी निराळे उपयोग केले आणि तरी प्रेम तसेच राहिले. कारण एकाने दुसऱ्यावर आपला त्याग लादला नाही आणि दुसऱ्याने पहिल्याला वेडा ठरविले नाही.

तुकोबांच्या नंतर सव्वादोनशे वर्षांनी याच पुणे जिल्ह्यात कर्जाच्या कागदांची आणखी एक हकीकत घडली. इ. स. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे कर्जाने गांजलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून जाऊन त्यांची खतपत्रे हिसकावून घेतली आणि जाळली. हा उठाव पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. त्यानंतर इ. स. १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला. शेतकऱ्यांचा रोष पैशापेक्षा कागदांवर होता, हे येथे पाहण्यासारखे आहे. आपल्याला बांधणारी दोरी कोणती, हे त्यांना अचूक कळले होते. जी दोरी इ. स. १८७५ मध्ये कर्जदारांना बळाने तोडावी लागली, ती दुष्काळाने होरपळलेल्या देहूत एका सावकाराने आपण होऊन सोडली होती.

आजच्या काळात कोणाला वडिलोपार्जित जमिनीतील किंवा घरातील आपला वाटा सोडावयाचा असेल, तर त्यासाठी हक्कसोडपत्र करावे लागते. ते मुद्रांकावर लिहून, साक्षीदारांसमोर सही करून, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवावे लागते. कागद नदीत सोडून आज हक्क सुटत नाही. परंतु या रूक्ष वाटणाऱ्या व्यवहाराच्या मुळाशी इंद्रायणीकाठी दिसलेल्या दोन गोष्टी आजही कायम आहेत. प्रत्येकाने सोडावा तो स्वतःचाच वाटा, दुसऱ्याचा नव्हे. आणि तो सोडावा तो समजून उमजून, स्वतःच्या इच्छेने. बहिणीकडून धाकाने किंवा भिडेने घेतलेली सही हा त्याग नव्हे. कान्होबांनी नाही म्हटले तेव्हा तुकोबा थांबले. नाही म्हणण्याची मोकळीक ज्या घरात असते, त्याच घरातील त्यागाला खरे मोल असते.

तुकोबांचे अभंग आज घरोघरी आहेत. त्यांच्या टाळकऱ्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत, त्यांच्या मुलांची नावे ठाऊक आहेत, त्यांना विरोध करणाऱ्यांची नावेही ठाऊक आहेत. परंतु त्या दिवशी ज्यांची कर्जे सुटली, त्या गोरगरिबांपैकी एकाचेही नाव आज कोणाला सांगता येणार नाही. ती नावे, ते आकडे आणि त्या मुदती ज्या कागदांवर लिहिल्या होत्या, ते कागद इंद्रायणीने केव्हाच विरघळवून टाकले. ती नावे कोणाच्या हाती पुन्हा लागू नयेत, यासाठीच तर तुकोबांनी ते तिच्या हवाली केले होते.